चाळीसवर उजेड आहे

कॉलेजातल्या फिजिक्सच्या लॅब असिस्टंटला लोक शिपायापेक्षा वरचा आणि प्राध्यापकापेक्षा खालचा समजतात. नेमका किती वर आणि किती खाली, हे समोरच्याला काय काम आहे त्यावर ठरतं. प्रॅक्टिकलची परीक्षा जवळ आली की पोरं मला ‘सर’ म्हणायची. निकाल लागला की पुन्हा ‘सोळंके मामा’. वसमतच्या कॉलेजात मी एकतीस वर्षं असा सर आणि मामा होत काढली, आणि मागच्या वर्षी निवृत्त झालो.

काम काय असतं म्हणाल, तर सकाळी कपाटं उघडायची, साहित्य मांडायचं, बॅटऱ्या तपासायच्या, भिंगं पुसायची, तुटलेलं जोडायचं आणि पोरांनी घेतलेली रीडिंगं खरी आहेत की घरून आणली आहेत ते बघायचं. हे शेवटचं नोकरीच्या नियमांत कुठंच लिहिलेलं नाही. पण माझा खरा धंदा तोच. एकदा एका पोराने लंबकाची अशी सुंदर रीडिंगं आणली, की आलेख काढला तर एकही ठिपका रेषेबाहेर नाही. मी त्याला विचारलं, “लंबक कोणता वापरला?” म्हणाला, “खिडकीजवळचा.” खिडकीजवळच्या लंबकाचा दोरा मी आदल्या आठवड्यातच काढून धुवायला टाकला होता. मी त्याला एवढंच म्हटलं, “रीडिंग डोळ्यांनी घ्यायचं असतं बाबा, मनानं न्हाई.” हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं की पोरं माझी नक्कल करताना सुरुवातच त्यानं करायची.

पुढं हेच वाक्य मला कुणीतरी ऐकवलं. ते कसं, तेच सांगायचं आहे.

आमच्या विभागप्रमुख डॉ. वाघमारे मॅडम. मूळच्या हिंगोलीच्या. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, हुशारीने किती मोठ्या ते मोजायचं उपकरण आमच्या लॅबमध्ये नव्हतं. शिकवायला कडक. स्वतःच्या चुकीवर त्याहून कडक. त्यांची एक वर्गमैत्रीण मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेत होती. तिनं मॅडमना एक जुना लेसर वापरायला दिला आणि सोबत दोन छोट्या काचेच्या कुप्या. कुप्यांत पिठासारखी पूड. एकीवर ‘दाट’ लिहिलेलं, दुसरीवर ‘विरळ’.

या पुडीत एका दुर्मिळ धातूचे अणू भरलेले होते. विरळ पुडीत ते एकमेकांपासून लांब लांब, दाट पुडीत खेटून. लेसरचा प्रकाश पडला की हे अणू तो घेतात आणि वेगळ्या रंगाचा प्रकाश बाहेर सोडतात. आधी ‘दाट’ पूड लावायची, लेसर कमी-जास्त करायचा आणि पूड किती उजळते ते लिहायचं, एवढंच आमचं काम. दोन्ही प्रकाश डोळ्यांना न दिसणारे. घरच्या टीव्हीच्या रिमोटचं टोक मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघा, बटण दाबलं की जांभळट ठिपका दिसतो, तशातली गत. लेसरचा प्रकाश अडवायला मधे एक गाळणीची काच होती, तिच्या पलीकडे जे येईल ते पुडीचं. मीटरचा काटा हलायचा आणि मोबाईल धरला तर ठिपका दिसायचा.

अडचण एकच होती. पूड अतिशय थंड ठेवावी लागायची, बर्फापेक्षा कितीतरी थंड. त्याला द्रवरूप नायट्रोजन हवा. तो वसमतमध्ये कुठून आणायचा? मॅडम चार दिवस फोन लावत होत्या. शेवटी मीच म्हणालो, “मॅडम, आपले करीमभाई आहेत की.”

करीमभाई म्हणजे गावोगाव फिरून गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करणारे. त्यांच्या मोटारसायकलला मागे ॲल्युमिनियमचा कॅन बांधलेला असतो, त्यात वीर्य गोठवून ठेवायला नायट्रोजनच असतो. औंढ्यापासून इकडे आमच्या नदीकाठच्या गावांपर्यंत त्यांना सगळी जनावरं नावानिशी माहीत. त्यांनी मॅडमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “देतो मॅडम. फकत एक सांगा, पुडीला पोटुशी ऱ्हायला किती दिवस लागतात?”

मॅडम हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा बहुतेक दुसऱ्यांदा बघितलं.

पहिल्याच आठवड्यात एक शेतकरी करीमभाईंच्या मोटारसायकलच्या मागं मागं गाय घेऊन थेट कॉलेजच्या फाटकात आला. “हितं सोय झाली म्हणं? गाय भरवायची हाय.” मी म्हटलं, “मामा, हितं फिजिक्स हाय.” तर म्हणाला, “असंना का. चांगल्या जातीचं हाय नव्हं?” करीमभाईंनी त्याचं काम बाहेर लिंबाच्या झाडाखाली उरकून दिलं. प्राचार्यांनी खिडकीतून ते बघितलं आणि मॅडमना लेखी विचारणा केली. मॅडमनी लेखी उत्तर दिलं, की प्रयोगाचा गायीशी संबंध नाही. हे पत्र विभागाच्या फायलीत अजून असेल.

आता मुख्य गोष्ट.

मॅडमचे तास दुपारी असायचे, म्हणून त्या सकाळी रीडिंग घ्यायच्या. मी दुपारी. लेसरच्या डब्यावर एक फिरवायची कळ होती आणि तिच्याभोवती शून्य ते शंभर आकडे. एकाच वहीत दोघांनी लिहायचं. दोन दिवसांनी मॅडमनी मला बोलावलं.

“सोळंके, चाळीसवर तुम्ही काय लिहिलंय?”

“जे दिसलं ते. उजेड हाय.”

“चाळीसवर उजेड नाहीये. मी तीनदा पाहिलं. मीटर शून्यावर.”

“मी बी तीनदाच बघितलं मॅडम. काटा पार उजवीकडं.”

त्यांनी आरसे तपासले. मी तारा तपासल्या. पूड ठेवलेल्या थंड भांड्याच्या काचेवर दव धरत होतं म्हणून शेजारच्या ब्युटी पार्लरमधून केस वाळवायचं यंत्र आणलं आणि काच कोरडी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीसवर अंधार, दुपारी चाळीसवर उजेड. तिसऱ्या दिवशी तेच.

चौथ्या दिवशी मॅडमनी मैत्रिणीला पहिले आकडे पाठवायचं कबूल केलं होतं. त्या वैतागलेल्या होत्या. वही माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, “सोळंके, रीडिंग डोळ्यांनी घ्यायचं असतं. मनानं नाही.”

मॅडमनी ते वाक्य मुद्दाम निवडलं नसावं. माझ्याकडूनच ऐकून तोंडात बसलं असेल. पण तीस वर्षांत मी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. परीक्षेत आपल्याच पुतण्याला नापास होऊ दिलं होतं, भावाने वर्षभर दारात उभं केलं नव्हतं. ते सगळं त्या एका वाक्यानं पुसून गेल्यासारखं वाटलं. मीही मग बोलायला नको ते बोललो.

“मी बारावी हाय मॅडम. पण उजेड कुठला आन अंधार कुठला, एवढं कळतं मला. मोठ्या डिग्रीच्या माणसाला कधी कधी पाहिजे तेच दिसतं.”

मॅडमनी माझ्यासमोरची वही उचलली आणि गेल्या.

त्यानंतर तीन आठवडे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. काम बंद नव्हतं. नोकरी होती, पूड होती, नायट्रोजन येत होता. बोलणं चालायचं ते वहीतल्या शेऱ्याच्या रकान्यातून, नाहीतर करीमभाईंच्या तोंडून. सकाळी मॅडमच्या अक्षरात: “चाळीसवर उजेड नाही. खात्री केली आहे.” दुपारी माझ्या अक्षरात: “चाळीसवर उजेड आहे. खात्रीची खात्री केली आहे.” दुसऱ्या दिवशी: “कृपया उपकरण हलवू नये.” त्याखाली मी: “उपकरणास हात लावलेला नाही. हात धुऊनसुद्धा लावलेला नाही.” आज वाचलं तर हसू येतं. तेव्हा ती ओळ मी दोनदा गिरवली होती.

घरी शोभा, म्हणजे माझी बायको, म्हणायची, “जेवताना काहून गप राहून राहिले?” ती अंगणवाडीत सेविका. रुसलेल्या माणसाची तिला रोजची सवय. सगळं ऐकून म्हणाली, “आमच्या इथं दोन लेकरं भांडली का आमी एकाच पाटावर बसवतो दोघांला.”

मी म्हटलं, “तिथं विभागप्रमुख बसतेत का पाटावर?”

पण बसावं लागलं. त्याला कारण झाले करीमभाई. नायट्रोजन घेऊन येणारी गाडी पंधरा दिवस येणार नव्हती. करीमभाईंनी आपल्या कामापुरता ठेवून एक कॅन आमच्यासाठी काढला. नेहमी ते सकाळी अर्धा आणि दुपारी अर्धा देऊन जायचे. त्या दिवशी दारातच उभे राहून त्यांनी सांगून टाकलं.

“ही शेवटची खेप. दोन चकरा मला जमणार न्हाईत, पुसेगावकडं तीन म्हशी वाट बघून राहिल्या. दोघं मिळून आत्ताच काय ते करून घ्या. आन बराबर बोलत बोलत करा. तुमच्या मधात निरोप नेऊन नेऊन मला तकलीफ होऊन राहिली.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी मीटरकडे बघितलं. मग दोघांनी लेसरपासून डोळे वाचवणारे हिरवे चष्मे चढवले.

मॅडम म्हणाल्या, “आधी मी.”

त्यांनी कळ शून्यावर नेली आणि सावकाश वाढवू लागल्या. दहा, वीस, तीस. काटा हलेना. चाळीस. काटा हलेना. करीमभाई मोबाईल धरून उभे होते, ते म्हणाले, “काळंच हाय सोळंकेभाई.” मॅडमनी नुसती मान वर केली. त्या मान वर करण्यात तीन आठवड्यांचे शेरे होते.

मी म्हटलं, “पुढं जाऊ द्या.”

पन्नास. साठ. बासष्टच्या आसपास काटा एकदम उडाला. हळूहळू चढला नाही, उडालाच. करीमभाई ओरडले, “आला आला! ठिपका आला!”

“आता माझ्याकडं द्या,” मी म्हणालो.

माझी सवय वेगळी होती. मीटर नीट समोर बसवायला आधी भरपूर उजेड लागतो. म्हणून मी रोज कळ आधी वर न्यायचो, ठिपका बरोबर समोर आणायचो आणि मग उतरत उतरत रीडिंग घ्यायचो. तीस वर्षांपूर्वीच्या एका सरांनी शिकवलेली पद्धत. तीत वावगं काहीच नाही. मी सत्तरपासून खाली यायला लागलो. साठ, उजेड. पन्नास, उजेड. चाळीस.

काटा पार उजवीकडं.

“हाये,” करीमभाई म्हणाले. मग मोबाईल खाली करून आमच्या दोघांकडे बघत म्हणाले, “आत्ता तर नव्हता की.”

मी आणखी खाली गेलो. अठ्ठावीसला ठिपका पटकन विझला. मॅडमनी माझा हात बाजूला केला, कळ धरली आणि पुन्हा वर नेली. चाळीसवर अंधार. बासष्टला उजेड. मी खाली आणली. चाळीसवर उजेड. अकरा वेळा आम्ही हे केलं. एका कळीवर चार हात.

मॅडम स्टुलावर बसल्या. चष्मा काढला. “सोळंके, आपण दोघंही बरोबर आहोत हो.”

“मग चुकलं कोण?”

“कुणीच नाही. मी अंधारातून येत होते, तुम्ही उजेडातून.” मग थोड्या वेळाने, “मी तुम्हाला ते बोलायला नको होतं.”

“मी बी बोलाया नको व्हतं, मॅडम.”

करीमभाई म्हणाले, “माझ्या म्हशी?” आणि निघून गेले.

मग मॅडमनी मला जे समजावलं, ते मला कळलं तसं सांगतो. अणू लांब लांब असले की प्रत्येकजण आपल्यापुरता. जेवढा प्रकाश मिळेल तेवढा उजळणार. पण खेटून बसवले की एक अणू जागा झाल्यावर आपल्यातली थोडी ऊर्जा शेजाऱ्याला देतो, तोही जागा होतो. एकाचे दोन, दोनाचे चार. सगळे झोपलेले असताना त्यांना जागं करायला खूप प्रकाश लागतो. पण एकदा सगळे जागे झाले, की ते एकमेकांना झोपू देत नाहीत, त्यामुळे कमी प्रकाशातही जागे राहतात. म्हणून मधल्या टप्प्यात, त्याच प्रकाशात, त्याच पुडीच्या दोन अवस्था असू शकतात. ती कोणत्या अवस्थेत सापडेल, हे ती आधी कुठं होती त्यावर ठरतं. याला प्रकाशीय द्विस्थिरता म्हणतात. पुढंमागं विजेऐवजी प्रकाशावर चालणारे संगणक झाले, तर त्यांची आठवण ठेवायची पेटी अशा पुडीची असू शकेल, असं मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, “म्हणजे पुडीला आठवण राहते.” त्या म्हणाल्या, “लेसर चालू आहे तोवर.” त्याच क्षणाला लाईट गेली. मी काही म्हटलं नाही, हे मुद्दाम नमूद करतो.

मैत्रिणीने फोनवर पहिली शंका काढली ती गरमीची. लेसरनं पूड तापत असेल आणि त्यामुळं हा खेळ होत असेल, तर त्यात नवल काहीच नाही. म्हणून आम्ही ‘विरळ’ कुपी लावली. तोच लेसर, तीच थंडी. वर जाताना आणि खाली येताना आकडे अगदी सारखे, उडी नाही, काही नाही. मग लेसरसमोर भोकांची फिरती चकती लावून प्रकाश तुटक तुटक सोडला, पुडीला तापायला सवडच दिली नाही, तरी ‘दाट’ कुपीतली उडी तिथंच. ही चकती मी सायकलच्या डायनॅमोपासून बनवली होती. तिच्या मोजमापांवर मॅडमचा तीन दिवस विश्वास नव्हता. पण या वेळी त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात न लिहिता तोंडाने विचारलं. दोन महिने लागले सगळ्याला. मॅडम लेख लिहायला बसल्या.

अर्ध्यावर असतानाच मैत्रिणीचा फोन आला. मी तेव्हा भिंगं पुसत होतो. मॅडम बराच वेळ फक्त “हं, हं” करत होत्या. मग फोन ठेवला आणि म्हणाल्या, “बाहेरच्या देशातल्या लोकांनी छापलं, सोळंके. हेच. आपल्यापेक्षा कितीतरी बारीक कणांवर, आपल्यापेक्षा कितीतरी नीट.”

“कधी?”

“अठरा दिवस झाले.”

दोघांच्या मनात एकच हिशेब चालला होता, तो कुणी बोलून दाखवला नाही. तीन आठवडे म्हणजे एकवीस दिवस. आम्ही भांडलो नसतो तर आमचाच नंबर आधी लागला असता, असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे माणसं होती, यंत्रं होती, आणि मुख्य म्हणजे त्यांचा नायट्रोजन म्हशीच्या मागं धावत नव्हता. तरीपण ते एकवीस दिवस आजही टोचतात. मला नुसतं एवढं विचारायचं होतं, ‘मॅडम, तुम्ही कळ कुठून फिरवता?’ एका वाक्याचं काम होतं. मी नाही विचारलं. मला वाटलं होतं, विचारलं तर माझ्या आकड्यावर मलाच शंका आहे असं दिसेल.

“मग आता लेख?” मी विचारलं.

मॅडमनी समोरची वही ओढली. “पूर्ण करायचा. पहिला नाही, पण खरा आहे. साध्या पुडीवर, साध्या सामानात होतं, हे तर त्यांनी नाही दाखवलं.” मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तुमचं नाव इंग्रजीत कसं लिहिता?”

मी म्हटलं, “आभारात ना?”

“आभारात करीमभाई आहेत. लेखकांत मी, माझी मैत्रीण आणि तुम्ही.”

ऑनलाइन अर्जात प्रत्येक लेखकाची पदवी विचारली होती. मॅडमनी माझ्यापुढे ‘बारावी, विज्ञान’ भरलं. यंत्राने ते घेतलं नाही. त्यांनी पुन्हा भरलं. पुन्हा नाही. शेवटी त्या रकान्यात ‘लागू नाही’ असा पर्याय सापडला. मॅडम म्हणाल्या, “बघा, तुम्हाला पदवी लागूच नाही.”

लेख निघाला तेव्हा माझ्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. मी त्याची छापील प्रत घरी नेली. शोभाने चष्मा लावला आणि अंगणवाडीतल्या तक्त्यावर ठेवतात तसं बोट ठेवून माझं आडनाव अक्षर अक्षर वाचलं.

“एस, ओ, एल, ए, के, ई. सोलके? ह्यातला न कुठं गेला?”

मी बघितलं. खरंच न नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका काढल्या आणि स्वतःचं नाव तपासायचं राहिलं. मॅडमना सांगितलं तर त्यांना माझ्याहून जास्त वाईट वाटलं. मी म्हणालो, जाऊ द्या, कोण बघतं. त्या म्हणाल्या, “सोळंके, तुम्ही वहीत चुकीचा आकडा राहू दिला असता?” त्यांनी त्याच दिवशी पत्र पाठवलं.

दोन महिन्यांनी त्या नियतकालिकात एक वेगळं शुद्धिपत्र निघालं. त्यात फक्त माझं नाव. बरोबर स्पेलिंग, न सकट. मॅडमनी ते कागदावर काढून आणलं आणि म्हणाल्या, “माझं नाव एकाच ठिकाणी छापून आलं. तुमचं दोन ठिकाणी.”

मी तो कागद घरी नेला. शोभाने भाजी चिरता चिरता विचारलं, “काय लिहिलंय त्येच्यात, मराठीत सांगा.”

मी वाचून सांगितलं. “तिसऱ्या लेखकाचे आडनाव ‘सोळंके’ असे वाचावे. या दुरुस्तीमुळे लेखाच्या निष्कर्षांत कोणताही फरक पडत नाही.”

तिने विळी बाजूला सारली, हात पुसले, कागद स्वतःकडे घेतला आणि ती शेवटची ओळ पुन्हा बघितली.

“म्हंजी तुमचं नाव बराबर असो का चूक,” ती म्हणाली, “त्येंला काई फरक पडत न्हाई व्हय?”

आणि तो कागद तिने घडी न घालता, सपाट, कपाटात लग्नाच्या फोटोखाली ठेवला.